उंबरठ्याच्या आतले युद्ध : बैरूतविषयीच्या तीन कादंबऱ्या

१

‘यादवी’ हा शब्द ज्या पुराणकथेतून मराठीत आला तिच्यातील एक तपशील फार अर्थपूर्ण आहे. प्रभासक्षेत्री यादव एकमेकांवर उठले तेव्हा त्यांच्या हाती लागले ते किनाऱ्यावर उगवलेले साधे गवत. मात्र मुठीत येताच त्याचे मुसळ झाले. परचक्राच्या युद्धात शस्त्र शस्त्रागारातून येते. यादवीत ते नित्य परिचयाच्या वस्तूंतून निपजते. घराची गच्ची, इमारतीचा जिना, खिशातील ओळखपत्र, शेजाऱ्याचे नाव या गोष्टी काल ज्या कामाच्या होत्या त्या कामाच्या आज राहत नाहीत. हे परिवर्तन एखाद्या राजधानीच्या शहरात घडते तेव्हा त्याला आणखी एक परिमाण प्राप्त होते. राजधानीत शासन, बँका, वृत्तपत्रे, विद्यापीठे आणि लाखो सामान्य कुटुंबे एकमेकांना लागून नांदत असतात, आणि यांपैकी काहीही एका दिवसात बंद पडत नाही. युद्ध चालू असते आणि संसारही चालू असतो.

लेबनॉनची राजधानी बैरूत हे अशा शहराचे विसाव्या शतकातील एक ठळक उदाहरण होय. १९७५ ते १९९० या काळातील तेथील यादवीवर अरबीत विपुल कादंबरीलेखन झाले. त्यांतील तीन कृती येथे विचारासाठी घेतल्या आहेत : गादा अस-सम्मान यांची ‘बैरूतची दुःस्वप्ने’ (१९७६), हनान अश-शेख यांची ‘झहराची कहाणी’ (१९८०) आणि हुदा बराकात यांची ‘हास्याचा दगड’ (१९९०). तिन्ही लेखिका स्त्रिया आहेत आणि तिन्ही कादंबऱ्यांचा मुख्य व्यवहार घराच्या चार भिंतींत किंवा त्यांच्या आसपास घडतो. मराठी अभ्यासकाला या कृती बहुधा इंग्रजी अनुवादांतूनच भेटतात; म्हणून त्यांच्या अरबी शैलीविषयी विधाने करणे प्रस्तुत विवेचनात टाळले आहे. आशय, रचना आणि निवेदनपद्धती यांच्यापुरताच हा विचार मर्यादित आहे.

अशा साहित्याकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ झाल्या आहेत. एका रीतीने कादंबरीला साक्षीपुराव्याचे स्थान दिले जाते. शहरात पाणी कसे मिळत असे, माणसे कोठे झोपत, पाव कोणत्या भावाने विकला जाई, याची नोंद म्हणून ती वाचली जाते. दुसरी रीत रूपाला महत्त्व देते. शहराचे तुकडे झाले म्हणून कथेचेही तुकडे झाले, असे तिचे म्हणणे असते. पहिल्या रीतीत कादंबरी इतिहासाची दासी होते आणि दुसरीत ती आरसा होते. या कादंबऱ्या जो प्रश्न विचारतात तो मात्र दोन्ही रीतींत निसटून जातो. तो प्रश्न नैतिक आहे. शस्त्र हाती न धरता घरात बसून राहिलेला, संसार सांभाळणारा माणूस यादवीच्या बाहेर असतो काय? उंबरठा हा खरोखर युद्धाची सीमा असतो काय? या प्रश्नाला तीन कादंबऱ्यांनी तीन उत्तरे दिली आहेत, आणि त्या उत्तरांचा क्रम लक्षात घेतल्याशिवाय या साहित्याचे मोल नीट कळत नाही.

२

कादंबऱ्यांकडे वळण्यापूर्वी पार्श्वभूमी थोडक्यात ध्यानात घेतली पाहिजे. लेबनॉनमध्ये सत्तेची वाटणी धर्मपंथांच्या आधारे झाली होती. १९४३ च्या अलिखित समझोत्यातून रूढ झालेल्या प्रथेनुसार राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी आणि प्रतिनिधिगृहाचा सभापती शिया असे. प्रतिनिधिगृहातील जागा ख्रिस्ती व मुस्लिम यांच्यात ६ : ५ या प्रमाणात विभागल्या जात. या सर्वांचा आधार १९३२ ची जनगणना हा होता आणि ती पुन्हा कधी झालीच नाही. लोकसंख्येचे बदललेले प्रमाण, दक्षिणेतील दारिद्र्य आणि पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनांचे वास्तव्य यांमुळे हा तोल ढळला. १३ एप्रिल १९७५ रोजी ऐन अर-रुम्माना या उपनगरात पॅलेस्टिनींच्या बसवर हल्ला झाला आणि युद्धाला तोंड फुटले. लवकरच शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पडले. त्यांच्यामधील रस्ते ओस पडून तेथे झाडेझुडपे माजली. ती सीमा ‘हरित रेषा’ म्हणून ओळखली गेली. १९८२ च्या उन्हाळ्यात इस्रायली सैन्याने पश्चिम बैरूतला वेढा घातला. अखेर १९८९ चा ताइफ करार आणि ऑक्टोबर १९९० मधील शेवटची मोठी लढाई यांनंतर युद्ध थांबले. मृतांची संख्या सुमारे १,५०,००० आणि बेपत्ता झालेल्यांची सुमारे १७,००० असे अंदाज सामान्यतः दिले जातात.

या पंधरा वर्षांत राज्यसंस्था पूर्णपणे नाहीशी झाली नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. मध्यवर्ती बँक चालू राहिली आणि चलन टिकून राहिले. युद्धाच्या आरंभी एका डॉलरला दोन-अडीच लिरा पडत. १९८७ च्या अखेरीस हा भाव कित्येक शेकड्यांवर गेला. म्हणजे अनेक कुटुंबांच्या बाबतीत जे काम तोफांनी केले नव्हते ते चलनाच्या घसरणीने केले. युद्धाच्या पहिल्या पर्वात नभोवाणीवरून शरीफ अल-अखवी हे निवेदक कोणता रस्ता सुरक्षित आणि जाण्याजोगा आहे हे घोषित करीत, आणि त्यांच्या आवाजाच्या भरवशावर लोक घराबाहेर पडत. वीज जाई तेव्हा पाण्याचे पंप बंद पडत आणि पाणी कॅन भरून जिन्याने वर न्यावे लागे. तोफमारा सुरू झाला की खिडक्यांपासून दूरची जागा म्हणून माणसे जिन्यात व बोळात अंथरुणे टाकीत. जीन सईद मक्दिसी यांनी १९९० मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींच्या ग्रंथात संकटकाळातील शब्दांचा एक स्वतंत्र कोशच जोडला आहे. नित्याची भाषाही नवीन अर्थाने शिकावी लागत होती, याचे यापेक्षा स्पष्ट गमक दुसरे कोणते असणार?

ओळखपत्राचा उल्लेख येथे विशेषेकरून केला पाहिजे. लेबनॉनच्या नागरिकाच्या ओळखपत्रावर त्याचा धर्मपंथ नोंदलेला असे. ६ डिसेंबर १९७५ या दिवशी, जो पुढे ‘काळा शनिवार’ म्हणून ओळखला गेला, रस्त्यांवर अडवणूक करून ही नोंद पाहून शेकडो माणसांना ठार मारण्यात आले. शासनाने नागरिकत्वाचा दाखला म्हणून दिलेला कागद मृत्यूचा परवाना ठरला. गवताचे मुसळ होते ते असे.

३

गादा अस-सम्मान यांचा जन्म दमास्कसमध्ये १९४२ साली झाला. बैरूत हे त्यांनी निवडलेले शहर. युद्धाच्या तोंडावर लिहिलेल्या ‘बैरूत ७५’ या कादंबरीत त्यांनी दमास्कसहून भाड्याच्या मोटारीने बैरूतला निघालेल्या प्रवाशांची कथा सांगितली होती. तिच्या शेवटी फराह हे पात्र वेड्यांच्या रुग्णालयाची पाटी उपटून शहराच्या वेशीवर लावते. हा प्रसंग भविष्यकथनासारखा वाटतो आणि युद्ध सुरू झाल्यावर त्याची तशीच ख्याती झाली. पण ‘बैरूतची दुःस्वप्ने’ ही त्यांची खरी युद्धकादंबरी होय.

तिची निवेदिका एक अनाम लेखिका आहे. १९७५ च्या हिवाळ्यात बड्या हॉटेलांच्या परिसरात जी लढाई पेटली तिच्या मध्यभागी तिचे घर येते आणि ती तेथे अडकून पडते. खालच्या मजल्यावर काका फुआद आणि त्यांचा मुलगा अमीन हे सधन शेजारी आहेत. जवळच पाळीव प्राण्यांचे दुकान आहे. कादंबरीला प्रकरणे नाहीत. क्रमांक दिलेली ‘दुःस्वप्ने’ आहेत. त्यांतील काही घडलेली आहेत, काही कल्पिलेली, आणि पुढे पुढे या दोहोंतील भेद पुसट होत जातो. तिचा प्रियकर यूसुफ याला त्याच्या धर्मामुळे रस्त्यावरच्या तपासनाक्यावर मारलेले आहे. तिचा ग्रंथसंग्रह जळून जातो. शेवटी एका चिलखती गाडीतून तिची सुटका होते.

या कादंबरीचे बळ तिच्या आत्मपरीक्षणात आहे. निवेदिका युद्धापूर्वी परिवर्तनाची भाषा लिहीत आलेली आहे. परिवर्तन रक्त घेऊन दारात आले तेव्हा ती हादरते, आणि या हादरण्याचाच ती जाब स्वतःला विचारते. शब्दांनी ज्याला बोलावले त्याच्या रूपाविषयी शब्द लिहिणाऱ्याने हात झटकावेत काय? घरात कोंडलेली स्त्री ही येथे निव्वळ बळी ठरत नाही. खालच्या मजल्यावरील शेजारी आपली चीजवस्तू राखीत बसतात, युद्ध हे इतरांचे आहे असे मानतात. आणि निवेदिकेला त्यांच्या या समजुतीत आपली स्वतःचीही एक छटा दिसते. म्हणून अस-सम्मान यांचे उत्तर असे आहे : उंबरठा युद्धाला अडवीत नाही, कारण युद्धाची कारणे उंबरठ्याच्या आतच, मालमत्तेच्या आणि मौनाच्या रूपाने, साठत आलेली असतात.

प्राण्यांच्या दुकानाचा प्रसंगसमूह या कादंबरीत पुन्हा पुन्हा येतो. पिंजऱ्यांत उपाशी पडलेले प्राणी, त्यांच्याविषयी बेफिकीर असलेला मालक, रात्री चोरून तेथे जाणारी निवेदिका आणि अखेर प्राण्यांत जागा होणारा हिंस्रपणा हे सारे शहराचे रूपक आहे, हे सांगण्याची गरजच उरत नाही. आणि दोष नेमका हाच आहे. रूपक इतके उघड होते की वाचकाला स्वतः काही शोधण्यास वाव राहत नाही. याउलट ग्रंथसंग्रहाचा प्रसंग पाहावा. तेथे पुस्तके ही प्रथम पुस्तकेच आहेत. त्यांच्या जळण्याचे दुःख खरे आहे, आणि म्हणूनच या पुस्तकांनी आजवर कोणाला वाचवले, हा पुढचा प्रश्न बोचतो. रूपकाला वस्तूचे वजन लाभले म्हणजे काय होते आणि लाभले नाही म्हणजे काय होते, हे एकाच कादंबरीत शेजारी शेजारी पाहावयास मिळते.

४

हनान अश-शेख यांनी युद्ध सुरू झाल्यावर बैरूत सोडले. ‘झहराची कहाणी’ला आरंभी लेबनॉनमध्ये प्रकाशक मिळाला नाही, लेखिकेने ती स्वखर्चाने प्रसिद्ध केली, आणि पुढे अनेक अरब देशांत तिच्यावर बंदी आली. या विरोधाचे कारण तिच्यातील लैंगिक प्रसंगांत शोधले जाते. पण कादंबरीतील खरी अस्वस्थ करणारी गोष्ट तिची रचना होय. कादंबरी दोन भागांत आहे, आणि इंग्रजी अनुवादात पहिल्या भागाचे शीर्षक शांततेच्या व्रणांविषयी व दुसऱ्याचे युद्धाच्या लोंढ्यांविषयी आहे. व्रण शांततेचे आहेत, ही शब्दयोजना मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे.

झहरा ही दक्षिणेतून आलेल्या शिया कुटुंबातील मुलगी. वडील ट्रामवर काम करणारे, गणवेशात वावरणारे आणि मारकुटे. आई आपल्या प्रियकराला भेटावयास जाताना लहान झहराला ढालीसारखी बरोबर नेते. भाऊ अहमद घरचा लाडका. झहरा मोठी होते ती चेहऱ्यावरचे फोड नखांनी खुडीत. विवाहित पुरुषाशी संबंध, गर्भपात, आफ्रिकेत निर्वासित म्हणून राहणाऱ्या मामाकडे पळून जाणे, तेथे त्याचीच लगट, मग माजिदशी केलेले आणि मोडलेले लग्न असा तिचा प्रवास आहे. ती बैरूतला परत येते तेव्हा युद्ध सुरू होते. आणि आश्चर्य असे की तिला प्रथमच बरे वाटू लागते. ती जेवू लागते, तिला झोप येऊ लागते. सर्वांवर एकच भय पसरल्यामुळे तिच्या एकटीच्या भयाला जणू सोबत मिळते.

हा भाग वाचताना काही समीक्षकांना युद्धाचे समर्थन केल्यासारखे वाटले तर ते समजण्यासारखे आहे. तथापि ते वाचन घाईचे होय. अश-शेख यांचा रोख युद्धापेक्षा शांततेवर आहे. ज्या घरात मुलीला सुरक्षितता कधी लाभलीच नाही त्या घराच्या उंबरठ्याला सीमा म्हणण्यात काय अर्थ? बाहेर युद्ध पेटण्यापूर्वी झहराच्या घरात ते वर्षानुवर्षे चालू होते. बाहेरच्या युद्धाने अहमदला बंदूक दिली आणि लुटीचा माल घरात आणण्याची मुभा दिली. त्याचा रुबाब मात्र घरानेच आधी घडवून ठेवला होता.

कादंबरीचा मध्यवर्ती प्रसंग दबा धरून गोळ्या झाडणाऱ्या सामीचा आहे. तो एका इमारतीच्या गच्चीवरून रस्त्यावरील माणसे टिपीत असतो. झहरा त्याच्याकडे प्रथम जाते ती त्याचे लक्ष निदान काही वेळ तरी मृत्यूपासून दूर वळवावे या विचाराने. मग त्यांच्या रोजच्या भेटी जिन्यात होऊ लागतात, आणि तिला आयुष्यात प्रथमच शरीरसुख मिळते. येथे जिन्याची योजना विशेष मार्मिक आहे. याच शहरात इतर कुटुंबे जिन्यात अंथरुणे टाकून जीव वाचवीत होती. आश्रयाची जागा आणि हत्याऱ्याच्या वाटेवरची जागा एकच ठरते, आणि झहराला तेथे दोन्ही गोष्टी एकदमच भेटतात. ती गरोदर राहते, सामीला ते सांगते, तो लग्नाचे वचन देतो आणि आपण तो मारेकरी नव्हेच असेही म्हणतो. घरी परतताना रस्त्यात तिला गोळी लागते. मरताना तिची खात्री होते की गोळी त्याचीच आहे. वाचकाची खात्री होईल असा पुरावा कादंबरी देत नाही.

या अनिश्चिततेवर निवेदनदोष म्हणून बोट ठेवले जाऊ शकेल. मरणाऱ्या व्यक्तीच्या तोंडी प्रथमपुरुषी निवेदन देणे ही एक अडचणच आहे. पण या अडचणीतूनच कादंबरीचा निष्कर्ष निघतो. झहराने संसाराचे जे साधे साहित्य हाताशी होते, म्हणजे देह, माया आणि मातृत्वाची आशा, ते घेऊन युद्धाशी एक खाजगी तह करून पाहिला. तह कोणी मोडला हे तिला कळत नाही. यादवीत खाजगी तहाला साक्षीदार नसतात, म्हणून त्याचा भंगही सिद्ध करता येत नाही. अस-सम्मान यांच्या निवेदिकेला आपला वाटा ओळखून पुढे जाता येते. झहराला तेवढाही अवकाश मिळत नाही.

५

‘हास्याचा दगड’ प्रसिद्ध झाली तेव्हा युद्ध संपत आले होते. हुदा बराकात १९८९ मध्ये पॅरिसला गेल्या होत्या. या कादंबरीचा नायक खलील हा पुरुष आहे, आणि या एका निवडीने आधीच्या दोन कादंबऱ्यांचा प्रश्न अधिक कठीण होतो. अस-सम्मान व अश-शेख यांच्या कृतींविषयी कोणी म्हणू शकेल की घरात राहणे ही स्त्रीवर लादलेली स्थिती होती. खलील मात्र घरात स्वतःच्या वृत्तीने राहतो. बंदूक घेतलेल्या तरुणांचे जग आणि राजकारण व वृत्तपत्रे चालविणाऱ्या पुरुषांचे जग अशी दोन जगे त्याच्यापुढे आहेत आणि तो दोहोंच्या मधल्या अरुंद वाटेत उभा आहे. त्याची प्रीती पुरुषांवर जडते. प्रथम नाजीवर, मग यूसुफवर. दोघेही मारले जातात. यूसुफ तर आधी स्वतःच एका सशस्त्र टोळीत सामील होतो.

खलीलच्या घरकामाचे वर्णन हा या कादंबरीचा सर्वांत समृद्ध भाग होय. लढाईची एक फेरी संपली की तो खोली झाडतो, धुतो, वस्तू जागच्या जागी लावतो. बाहेर जितका विध्वंस तितकी आत स्वच्छता. हे घरकाम दीर्घ, तपशीलवार आणि प्रेमाने लिहिलेले आहे. वाचकाला ते प्रतिकाराचे चित्र वाटू लागते आणि लेखिका बराच काळ त्याला तसे वाटू देते. परंतु हळूहळू एक शंका डोकावू लागते. ही स्वच्छता प्रत्येक लढाईनंतरच का होते? प्रत्येक स्फोटानंतर काचा झाडून पुढच्या स्फोटासाठी जागा मोकळी करणारा हा हात युद्धाला थांबवतो की त्याला पुन्हा पुन्हा नवी सुरुवात करून देतो? शहर दर वेळी सावरले म्हणूनच युद्ध पंधरा वर्षे चालू शकले, असे विधान कादंबरी कोठेही करीत नाही. पण तिच्या घाटातून ते सूचित होते.

पुढे खलील आजारी पडतो, त्याच्या पोटावर शस्त्रक्रिया होते, आणि रुग्णालयातून तो निराळा होऊन बाहेर येतो. जगण्याचा मोह त्याला जडतो. ज्यांना ‘भाऊ’ म्हटले जाते अशा सत्ताधारी टोळीप्रमुखाच्या सावलीत तो शिरतो, शस्त्रांच्या व्यवहारात पडतो आणि अखेर वरच्या मजल्यावर राहणाऱ्या स्त्रीवर बलात्कार करतो. शेवटच्या पानांत निवेदिका प्रथमच ‘मी’ म्हणून प्रकट होते, आपल्या नायकाला ओळखेनाशी होते, आणि तो हसत निघून जातो. आधीच्या कादंबऱ्यांत युद्ध उंबरठा ओलांडून आत येते किंवा आधीच आत असते. येथे घरातला सर्वांत हळुवार माणूस उंबरठा ओलांडून युद्धात जातो, आणि ज्या हातांनी त्याने घर सांभाळले त्याच हातांनी तो दुसऱ्याचे घर उद्ध्वस्त करतो.

या शेवटावर एक आक्षेप घेण्याजोगा आहे. पुरुषत्व म्हणजे हिंसा आणि स्त्रैणता म्हणजे अहिंसा असे एक ढोबळ समीकरण त्यातून सूचित होते, आणि खलील हे सजीव पात्र त्या समीकरणातील एक पद होऊन बसते. रुग्णालयानंतरचा बदल घाईने उरकल्यासारखा वाटतो. पूर्वार्धात एका खोलीच्या झाडलोटीला जेवढी पाने मिळतात तेवढीही माणसाच्या अधःपाताला मिळत नाहीत. हा आक्षेप खरा आहे. तरीही त्याला एक मर्यादा आहे. घाई वाचकाला जाणवते ती पूर्वार्धाने त्याला खलीलच्या निरागसपणावर विसंबावयास लावले म्हणून. त्या विसंबण्याचा हिशेब लेखिकेला मागावयाचा आहे, आणि तो ती मागते.

६

या तिन्ही कृतींची तुलना करताना मिरियम कुक यांच्या १९८८ मधील अभ्यासाचा विचार अपरिहार्य ठरतो. युद्धकाळात बैरूतविषयी लिहिणाऱ्या स्त्रियांच्या समूहाला त्यांनी ‘बैरूतच्या विकेंद्री लेखिका’ असे नाव दिले. युद्धाचा अर्थ विचारप्रणालींच्या परिभाषेत लावणाऱ्या लेखनाहून या स्त्रियांचे लेखन कसे भिन्न आहे, नित्य जीवनाच्या तपशिलांतून त्यांनी जबाबदारीची जाणीव कशी घडविली, आणि शहर न सोडता तेथे राहणे हे त्यांच्या लेखी नागरिकत्वाचे लक्षण कसे ठरले, हे कुक यांनी साधार दाखविले. त्यांच्या या कार्याने एका दुर्लक्षित साहित्याला अभ्यासविषयाची प्रतिष्ठा मिळाली, याबद्दल दुमत होऊ नये.

परंतु ‘राहणे’ हे मूल्य म्हणून स्वीकारले की त्याची कसोटी पाहणे सुटते. बराकात यांची कादंबरी कुक यांच्या ग्रंथानंतर आली आणि तिने नेमकी हीच कसोटी लावली. खलील राहतो, संसार सांभाळतो, नित्य जीवनाशी एकनिष्ठ असतो; आणि त्याचे काय होते ते कादंबरी दाखविते. तिच्या प्रकाशात मागे वळून पाहिले तर आधीच्या दोन कादंबऱ्यांतही हा संशय होताच असे आढळते. काका फुआद आणि अमीन हेही शहर न सोडणारेच आहेत. पण त्यांच्या राहण्याला कोणी सद्गुण म्हणणार नाही. झहराही शहरातच राहते, आणि तिचे राहणे मारेकऱ्याच्या शेजाराशी जुळवून घेणे ठरते. म्हणजे राहण्याला स्वतःचे असे नैतिक मोल नाही. माणूस कोणाबरोबर, कशाच्या आधारे आणि कशाकडे डोळेझाक करून राहतो यावर ते मोल अवलंबून असते. महमूद दरवीश यांनी १९८२ च्या वेढ्यातील एका ऑगस्टच्या दिवसावर जे गद्य लिहिले त्यात तोफमाऱ्यात सकाळची कॉफी करण्याचा दीर्घ प्रसंग आहे. तेथे नित्यकर्म हे मानवी प्रतिष्ठेचे चिन्ह होते, कारण मारा करणारा शत्रू बाहेरचा आणि उघड होता. यादवीच्या कादंबरीला ही निश्चिती उपलब्ध नसते. चुलीवर भांडे चढविणारा हात कोणाच्या लुटीतले भांडे चढवितो, हा प्रश्न तिला टाळता येत नाही.

यावरून एक गैरसमज मात्र होऊ देता कामा नये. घरात राहणारा निरपराध नाही असे म्हणणे म्हणजे तो मारेकऱ्याइतकाच अपराधी आहे असे म्हणणे नव्हे. सर्वच दोषी ठरले की कोणीच दोषी ठरत नाही, आणि हे सूत्र खऱ्या अपराध्यांच्याच सोयीचे असते. लेबनॉनच्या बाबतीत हा धोका काल्पनिक नाही. १९९१ च्या सर्वसाधारण क्षमादानाच्या कायद्याने युद्धकाळातील बहुतेक राजकीय गुन्ह्यांवर पडदा टाकला. टोळ्यांचे अनेक नायक शासनात मंत्री म्हणून बसले. ताइफ करारात एकीकृत इतिहास-पाठ्यपुस्तकाचा संकल्प होता, पण सर्वमान्य असे पाठ्यपुस्तक सिद्ध झाले नाही. न्यायालयात चौकशी झाली नाही आणि शाळेत इतिहास शिकविला गेला नाही, तेव्हा जबाबदारीची प्रतवारी लावण्याचे काम मोठ्या प्रमाणात कादंबरीकडे आले. या तीन कादंबऱ्यांनी ते काम सूक्ष्मपणे केले आहे. निवेदिकेचे मौन, अहमदची लूट, झहराचा तह, खलीलची झाडलोट आणि खलीलचा बलात्कार या एकाच मापाच्या गोष्टी नाहीत, आणि तिन्ही लेखिकांनी त्या एका मापाने मोजलेल्या नाहीत.

अशा साहित्याचे मूल्यमापन करताना विषयाच्या भीषणतेचे गुण कृतीला देण्याचा मोह समीक्षेला होतो. ज्यांनी सोसले त्यांच्याविषयी आदर वाटणे स्वाभाविक आहे. पण हा आदर वाचनाची जागा घेऊ लागला की कृतीतील कठीण प्रश्न बोथट होतात. ‘बैरूतची दुःस्वप्ने’तील रूपके पुष्कळदा अतिस्पष्ट आहेत, ‘झहराची कहाणी’च्या निवेदनात तार्किक अडचण आहे, ‘हास्याचा दगड’चा उत्तरार्ध घाईचा आहे, हे सांगितल्याने त्यांचे महत्त्व उणावत नाही. राजधानीतील यादवीचे वर्णन अनेकांनी केले. या तीन लेखिकांनी वाचकाला ज्या जागी तो स्वतःला सर्वांत निर्दोष समजतो त्या जागी, म्हणजे त्याच्या स्वतःच्या घरात, नेऊन उभे केले आणि तेथे त्याच्याकडे उत्तर मागितले. युद्धकादंबरीच्या अभ्यासात रणभूमीइतकाच उंबरठ्याचाही विचार व्हावयास हवा तो याच कारणासाठी.